एका टिंबाचा वाद

आमच्या ऑफिसात एकाने लिहिलेला कोड सहकाऱ्यांनी तपासून मंजूर केल्याशिवाय पुढे जात नाही. आज पाळी माझ्या कोडची होती. तो दवाखान्यांसाठी औषधाचा डोस काढून देतो. वाचणाऱ्याने थांबावं म्हणून मी त्यात एक ओळ मुद्दाम लिहिली होती, "लहान मुलांसाठी हा हिशोब अजून तपासलेला नाही".

समीर म्हणाला, "वाक्य आहे, शेवटी पूर्णविराम हवा."

"एका ओळीच्या टिपेला आपण देत नाही," केतकी म्हणाली.

मग जुने दाखले निघाले, आवाज चढले, चहा निवला. दोघंही हुशार आहेत, दोघांच्याही घरी लहान मुलं आहेत. मी स्क्रीनकडे बघत बसले. जिथे हरलं तरी काही बिघडत नाही, तिथेच माणसं इतक्या हिरिरीने भांडतात. खरा प्रश्न विचारला की तो आपल्याच गळ्यात पडतो. टिंब बिचारं काहीच मागत नाही.

"अरे, ती ओळ काय सांगतेय ते तरी वाचा," मी म्हटलं.

"वाचली की," समीर म्हणाला, "म्हणून तर पूर्णविराम मागतोय."

शेवटी केतकीने हात टेकले. मी टिंब दिलं आणि दोघांचीही मंजुरी लगेच आली. आता त्या ओळीत कुणालाच काही खटकत नाही.