दोन मिनिटांचं उत्तर

सात रस्त्याजवळच्या एका छोट्या केबल वाहिनीवर मी बातम्या द्यायचे. आमच्या मालकांना अमेरिकेतल्या वाहिन्या बघायचा भारी नाद. तिकडच्यासारखं म्हणून त्यांनी पडद्याला चार चौकटी पाडल्या, खाली लाल पट्टी आणली, आणि नाल्यात अडकलेल्या म्हशीचीसुद्धा 'ब्रेकिंग न्यूज' झाली. चौकटींतली माणसं एकमेकांवर ओरडायची आणि मी त्यांच्यावर. घरी आई माझा कार्यक्रम आवाज बंद करून बघायची.

महापालिकेची निवडणूक लागली तेव्हा मालक म्हणाले, "तिकडं उमेदवारांना समोरासमोर उभं करतात. आपणही करू की!"

"करू," मी म्हटलं, "पण प्रश्न लोक विचारतील. उत्तराला दोन मिनिटं. आणि एक बोलत असताना दुसऱ्याचा माइक बंद."

मालक नाखुशीनंच हो म्हणाले.

शुक्रवार पेठेतल्या एका मंगल कार्यालयात आम्ही दोन स्टँड मांडले. एकामागे माजी नगरसेवक, दुसऱ्यामागे निवृत्त शिक्षिका. पहिल्याच रांगेतून बिड्या वळणाऱ्या एक मावशी उठल्या. माइक हातात आल्यावर थोड्या बिचकल्या, मग म्हणाल्या, "पाणी कदी येनार ते कळत न्हाय. काम सोडून नळापाशी बसतो आमी. येळ तरी सांगाल का?"

माजी नगरसेवकांनी थेट देशाच्या प्रगतीपासून सुरुवात केली. मी हात वर केला. "साहेब, पाण्याची वेळ."

सभागृहात हशा पिकला. साहेब लालबुंद झाले. मग ते हळूच म्हणाले, "खरं सांगू? मला माहीत नाही."

कॅमेऱ्यासमोर असं म्हणणारा पुढारी मी पहिल्यांदाच पाहत होते. आता लोक हुर्यो करणार असं मला वाटलं. पण टाळ्या पडल्या.

शिक्षिकाबाई म्हणाल्या, "चौकात फळा लावू. रोज वेळ लिहू."

निवडून आले ते माजी नगरसेवकच. पण महिन्याभरात चौकात फळा लागला. वेळ चुकली की शिक्षिकाबाई त्यांना फोन करतात, आणि ते उचलतात.

आमच्याकडे चौकटी अजून आहेत, लाल पट्टीही आहे. मात्र आठवड्यातून एकदा आम्ही एखाद्या पेठेत माइक घेऊन जातो. परवा मालकच विचारत होते, "पुढच्या वेळी कुठं जायचं?"