एक्झामिनर काका आणि अंगणातला गोळा

माहितीपट संपला की लोक उठतात, पाठ मोकळी करतात, चपला शोधतात. आमच्या मंडळात तसं करता येत नसे. पडद्यावर नावं सरकायला लागली की एक्झामिनर काका दाराशी जाऊन उभे राहत आणि विचारत, "ह्या माणसाच्या घरात पाणी कुठून येते?" उत्तर मिळेपर्यंत ते दारातून हलत नसत. माणूस बर्फात एकटा राहून रेनडिअर राखणारा असो, की लढाईत अर्ध्या उरलेल्या गावात पाव भाजणारा असो. आधी पाणी, मग चूल, मग संडास. कोणालाच सांगता आलं नाही तर ते म्हणत, "पन्नास मिनिटं त्याच्या घरात बसून आले आणि पाणी नाही पाहिलं? मग काय पाहून राहिले होते?"

काका चौतीस वर्षं इथल्या संरक्षण कारखान्यात एक्झामिनर होते. तोफगोळ्याच्या तोंडाशी बसणारा, त्याला फोडणारा फ्यूज तपासायचा, मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, नाही तर बाजूला, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती, काकू गेल्या होत्या, मुलगी नागपुरात होती. हुद्दा मात्र नावासारखा चिकटून राहिला. त्यांचं खरं नाव दत्तात्रय आहे हे मला मंडळाची चिटणीस झाल्यावर सभासदांच्या यादीत दिसलं.

नर्मदेकाठच्या आमच्या शहरात, मदन महल स्टेशनजवळ, मराठी मंडळाच्या दोन खोल्या आहेत. रविवारी दुपारी चार वाजता आम्ही तिथे जुनी विनोदी नाटकं लावत असू. एक दिवस काका म्हणाले, "हसून झालं आपलं. आता जरा दुनिया पाहू." मी होकार दिला, कारण नाटकांनाही सातच लोक येत होते. पहिल्या रविवारी पाच आले. हिवाळा येईपर्यंत घरून खुर्च्या आणाव्या लागू लागल्या. मी एका वहीत नोंद ठेवायला लागले: माहितीपट कोणता, माणसं किती, काकांचा शेरा काय. शेरे तीनच असत. पास, रिजेक्ट आणि रीवर्क.

रिजेक्ट होण्याचं मुख्य कारण संगीत. "व्हायोलिन वाजलं की समजायचं, काही तरी झाकून राहिले." एकदा कुठल्याशा बेटावर चाळीस वर्षं एकट्या राहिलेल्या म्हाताऱ्याचा माहितीपट होता. शेवटी निवेदक भारावलेल्या आवाजात म्हणाला, की हा माणूस सुखी आहे. काका तिथल्या तिथे म्हणाले, "त्याला विचारलं होतं काय?" रिजेक्ट. मंडळातल्या सरोजवहिनींना तो माहितीपट फार आवडला होता. त्या म्हणाल्या, "काका, तुम्हाला चांगलं काही बघवतच नाही." काका म्हणाले, "बघवते नं. पण तो कॅमेरावाला कुठे झोपला असेल? तिथेच झोपला असेल तर म्हातारा एकटा कसा?"   त्यानंतर मला प्रत्येक माहितीपटात कॅमेरावाल्याचं अंथरूण शोधायची सवय लागली, ती अजून आहे.

एवढी चौकशी त्यांच्यात आली कुठून, हे मी एकदा त्यांना सरळ विचारलं. आम्ही स्टेशनच्या रस्त्याने चाललो होतो आणि एक लांबलचक मालगाडी जात होती. तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "पेट्या भरायच्या, सील लागायचं, गाडी निघायची. कुठे चालली, विचारायचं नाही. विचारलं तरी आमच्यातल्या कोणाला माहीत नसे. मी घरी येऊन नकाशा उघडून बसायचो. बेटा, सारी दुनिया मला पाठवणाऱ्याच्या बाजूने माहीत आहे. आता घेणाऱ्याच्या बाजूने पाहून राहिलो."

त्या जानेवारीत पनागरकडचा मटार बाजारात भरपूर आला होता, आणि बायका पिशव्या घेऊनच माहितीपटाला येत. अंधारात शेंगा फुटल्याचे आवाज चालू असत. त्या रविवारचा माहितीपट एका दूरच्या डोंगरी खोऱ्यातला होता. अनेक वर्षं लढाई होऊन आता शांत झालेलं गाव. एका घराच्या अंगणात न फुटलेला तोफगोळा तिरपा रुतून बसला होता. घरातल्या आजीबाईंनी त्याच्यावर फळी टाकून बाक केलं होतं. फळीवर त्या जर्दाळू वाळवत आणि जर्दाळू नसतील तेव्हा नात तिथे बसून अभ्यास करी. कॅमेरा त्या मुलीच्या हलत्या पायांवर बराच वेळ रेंगाळला. मागे व्हायोलिन होतंच. सरोजवहिनी म्हणाल्या, "किती गोड."

"बंद करा," काका म्हणाले.

ते उठून पडद्यासमोर आले होते. त्यांच्या शर्टावर त्या मुलीचे पाय हलत होते. मटार सोलणं थांबलं. मला वाटलं, आयुष्यभर जे काम केलं त्याचं दुसरं टोक दिसलं, म्हातारा हलला. मी खुर्ची पुढे केली, पाणी आणलं.

"पाणी नको," ते म्हणाले. "मागे घे. पुन्हा लाव."

मी अकरा वेळा मागे घेतलं. अकराव्या वेळी त्यांनी पडद्याला जवळजवळ नाक लावलं आणि गोळ्याच्या टोकावर बोट ठेवलं. "फ्यूज तसाच आहे. कोणी हात लावलेला नाही. हा मेलेला नाही, बेटा. झोपलेला आहे. आणि ती पोरगी त्याच्यावर पाय हलवून राहिली."

बापटजी आमच्यातले सर्वांत शांत सभासद, रेल्वेतून निवृत्त. ते म्हणाले, "काका, पिक्चर चार साल पुराना है. जे व्हायचं ते होऊन गेलं असेल."

"मग काय झालं ते विचारू नं."

"कोणाला विचारणार?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. ते काम माझंच होतं.

दुसऱ्या दिवशी काका आलेखाच्या कागदावर गोळ्याच्या टोकाचं चित्र काढून घेऊन आले. फ्यूज कुठे आहे ते लाल पेन्सिलीने, आणि खाली हिंदीत चार ओळी: यावर कोणी बसू नये, याला हलवू नये, मुलांना लांब ठेवावं, जाणकारांना बोलवावं. मी त्याचं इंग्रजी केलं आणि पत्त्यांची यादी केली. दिग्दर्शिका, निर्मिती करणारी संस्था, ज्या महोत्सवात तो दाखवला होता तो महोत्सव, त्या भागात सुरुंग काढण्याचं काम करणाऱ्या दोन संस्था. पाच ठिकाणी चित्रासकट पत्र गेलं. दर पंधरा दिवसांनी मी आठवण पाठवत होते. एका ठिकाणाहून आभाराचं ठरावीक उत्तर आलं. बाकी काही नाही.

रविवारचे खेळ चालू राहिले. काका आत येत, चप्पल काढता काढता मला विचारत, "आलं काय?"

"नाही आलं."

"चलो, लाव."

पण माहितीपट संपल्यावर ते दाराशी उभे राहिनासे झाले. लोक उठून सरळ घरी जाऊ लागले. वहीत शेऱ्याचा रकाना रिकामा राहू लागला. सरोजवहिनींनी एकदा मुद्दाम जाताना विचारलं, "काका, आज पाणी नाही का?" ते म्हणाले, "आधीचं एक घर राहिलं आहे, वहिनी." त्यांच्या डोक्यात तेवढी एकच मुलगी होती. ती आता केवढी झाली असेल, पाय जमिनीला टेकत असतील का, टेकत असतील तर ती गोळ्याला टाच लावून बसत असेल का, असलं काहीबाही ते मला फोन करून विचारत.

उत्तर मे महिन्यात आलं, दिग्दर्शिकेचं स्वतःचं. आमचं पत्र तिने तेव्हाच तिथल्या दुभाष्याकडे पाठवलं होतं, पण बर्फाने खोऱ्याचा रस्ता बंद होता. रस्ता उघडल्यावर दुभाषा गोळे निकामी करणाऱ्यांना घेऊन वर गेला. त्यांनी आसपासची घरं रिकामी केली, वाळूच्या गोण्या रचल्या आणि गोळा होता तिथेच उडवला. तो फुटला. गोठ्याची एक भिंत गेली. माणसं सगळी सुखरूप. मुलगी आता तेरा वर्षांची आहे आणि शेवटपर्यंत अभ्यासाला तिथेच बसत होती.

मी हे काकांना त्यांच्या घरी जाऊन वाचून दाखवलं. "फुटला," ते दोनदा म्हणाले. मग चष्मा काढून धोतराच्या सोग्याने बराच वेळ पुसत बसले. मी स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला.

पत्र तिथे संपत नव्हतं. आजीबाई रागावल्या होत्या. भिंत गेली, आणि जर्दाळू वाळवायला आता फळी कशावर ठेवायची? त्यांनी दुभाष्याला असंही सांगितलं होतं, की आमचं घर साऱ्या जगाने पाहिलं. इतक्या लांबून हे सांगणारा म्हातारा कोण? आता त्याचं घर आम्हाला दाखवा.

"बरोबर आहे तिचं," काका म्हणाले. "तिला न विचारता आपण तिच्या अंगणात बसून आलो. काढ तुझा फोन."

चित्रीकरण मी केलं, हुकूम त्यांचे होते. आधी नळ. "नर्मदेचं पाणी, सकाळी पाऊण तास," त्यांनी सोप्या हिंदीत सांगितलं. मग गॅस, मग काकूंचा फोटो, मग अंगणातली तुळस आणि तिला टेकवून ठेवलेली सायकल. मग ते खुर्चीवर बसले, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "आता माझं काम सांगतो."

मी फोन खाली घेतला. "काका, ते कशाला? तिला बघायचा आहे तो वाचवणारा माणूस. तेवढंच राहू द्या."

"मग मला ते कसं माहीत होतं, हे तिने कुठून समजायचं? स्वप्नात दिसलं होतं काय?"

"कारखान्यात होतो म्हणा. तपशील नको. कुणास ठाऊक, तिचं कोण कोण गेलं असेल."

"म्हणूनच नं, बेटा. आपण एवढे लोक रिजेक्ट केले झाकून ठेवतात म्हणून. आता माझी पाळी आली तं व्हायोलिन वाजवून राहिली काय?"

मी फोन वर केला. ते कॅमेऱ्यात पाहून बोलले. "मी असेच गोळे पास करत होतो. चौतीस वर्षं. ते कुठे गेले, मला माहीत नाही. माझ्या हातून एकही फुसका गेला नाही." शेवटचं वाक्य सवयीने आलं. निवृत्तीच्या दिवशी, मुलीच्या सासरी, डॉक्टरसमोर, सगळीकडे ते हेच सांगत आले होते. या वेळी मात्र बोलून झाल्यावर शर्टाचं वरचं बटण सोडत ते म्हणाले, "बंद कर. पाठव."

आजीबाईंचं उत्तर ऑगस्टात आलं. दुभाष्याने इंग्रजीत शब्दशः लिहून पाठवलं होतं. मी रविवारी सगळे गेल्यावर काकांना मराठीत वाचून दाखवलं.

"तुमचं घर स्वच्छ आहे. पाऊण तासात पाणी कसं पुरतं? तुमचं काम ऐकलं. मी दोन दिवस बोलले नाही. मग विचार केला. आमच्या अंगणात आला तो गोळा ज्याने तपासला, तो माणूस तुमच्यासारखा नव्हता. म्हणून आम्ही सहा जण अजून आहोत. मी त्याच्यासाठी रोज दुवा मागते. तुमच्यासाठीही मागेन, पण त्याच्यानंतर."

काकांनी कागद मागून घेतला. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, तरी खालपर्यंत पाहिलं. घडी घालून खिशात ठेवला. 

पुढच्याच महिन्यात त्यांची मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. छातीचं दुखणं वाढलं होतं. दिवाळीच्या आधी ते तिथेच गेले. मी अंत्यदर्शनाला पोचले नाही, त्यामुळे माझ्या आठवणीतलं त्यांचं जाणं म्हणजे मंडळातला त्यांचा शेवटचा रविवार.

त्या दिवशी माहितीपट समुद्राखाली केबल टाकणाऱ्या लोकांचा होता. संपल्यावर ते पूर्वीसारखे दाराशी उभे राहिले आणि जहाजावर गोडं पाणी कुठून येतं ते त्यांनी सगळ्यांना विचारलं. बापटजींना उत्तर आलं. काकांनी वहीत 'पास' लिहायला सांगितलं. मग लोक गेले, मी कुलूप लावलं, आणि पायऱ्यांवर त्यांनी मला थांबवलं.

"बेटा, माझ्या हातून एखादा फुसका सुटला असेल काय?"

मी हिशेबी बाई. माहीत नसेल ते माहीत नाही म्हणून सांगते. पण ते ज्या चेहऱ्याने उभे होते, तो मी कधी पाहिला नव्हता.

"चौतीस वर्षं थोडी नाहीत, काका," मी म्हटलं. "एखादा तरी सुटला असेल."

"कसा सुटेल? हातात गेज होतं."

"एखाद्या सकाळी काकूंशी भांडून कामावर गेला असाल. लक्ष नसेल."

ते विचारात पडले. कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरले, पुन्हा थांबले.

"भांडून तं पुष्कळदा गेलो," ते म्हणाले, आणि सावकाश रस्त्याला लागले.