जवळजवळ कोरडी

त्या वर्षी उसाला पाणीच नव्हतं, त्यामुळे आमच्या सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला नाही. मी तिथल्या शेतकी विभागात मराठी टंकलेखक होते. करायला काम नाही, पण रोज हजर राहायचं. अशात एक संचालक ब्राझीलचा दौरा करून आले आणि कमी पाण्यात ऊस जगवण्याविषयीची पातळ पुस्तिका माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "याचं मराठी करून घ्या." पुस्तिका पोर्तुगीजमध्ये होती.

बीडमध्ये ही भाषा येणारी एकच बाई मला सापडली. गोव्यात पोर्तुगीज अमलात शाळा शिकलेली, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. सत्तरीची, पाठ ताठ, बोलणं मात्र पक्कं इथलं. म्हणाली, "शिकवते की. पण टँकरच्या रांगेत. मला दुसरा येळ न्हाई."

रांगेत सगळ्याजणी एकच विचारत. टँकर आला का? अजून न्हाई. काल कधी आलता? उशिरा. सिस्टर म्हणाली, "बघ, क्रियापद एकच, येणं. सगळा जीव अडकलाय तो क्रियाविशेषणात." मग तिनं तिथेच शिकवलं. ओंतें, काल. ओज, आज. आइंदा नाँव, अजून नाही. महिनाभरात पुढची बाईसुद्धा मागे वळून सांगू लागली, "आइंदा नाँव, सिस्टर!"

पुस्तिकेत जागोजागी 'मेंत'नं संपणारे शब्द होते. लेंतु म्हणजे संथ. त्याचं स्त्रीलिंगी रूप लेंता, त्याला मेंत जोडलं की लेंतामेंत, संथपणे.

"स्त्रीलिंगीच कावून?" मी विचारलं.

"मेंत म्हणजे मुळात मन. त्यांच्यात मन बाई हाय."

म्हणजे संथ मनानं पाणी द्या, नेमाच्या मनानं द्या. मला ते फार आवडलं. आपल्याकडे तो चांगला पळतो, ती चांगली पळते. त्यांच्याकडे पळणारं कुणीही असो, मेंतवाला शब्द बदलत नाही.

दोन महिन्यांत मी अनुवाद संपवला, स्टेन्सिलवर टाइप केला आणि मिरवतच रांगेत नेला. सिस्टरनं चष्मा पुसून वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'जमीन कोरडी झाल्यावर पाणी द्यावे.'

"क्वाझ कुठंय?"

मूळ वाक्यात 'कोरडी'च्या आधी तेवढा एक शब्द होता. मेंत नसलेला, पाच अक्षरांचा किरकोळ शब्द समजून मी तो गाळला होता.

"क्वाझ म्हणजे जवळजवळ," ती म्हणाली. "तू पार कोरडी होईस्तोवर थांबायला सांगितलंस. तोवर ऊस मेला ना, पोरी!"

दुसऱ्याच दिवशी तलवाड्याला एका शेताच्या बांधावर कारखान्याच्या सभासदांची बैठक होती आणि या अनुवादाची पत्रकं तिथे वाटायची होती. तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. पण सिस्टर रांगेतून बाहेर पडली, माझं मनगट धरून घरी घेऊन गेली, आणि आम्ही पहिल्या ओळीपासून एकेक शब्द मुळाशी ताडून पाहिला. क्वाझसारखे आणखी दोन सुटले होते. आम्ही बाहेर आलो तेव्हा तिचे हंडे दारात भरून ठेवलेले होते. रांगेतल्या बायकांनी.

रात्रीत नवी स्टेन्सिल टाइप करून काढलेली पत्रकं मी बैठकीत वाचून दाखवली. मागून एका शेतकऱ्यानं विचारलं, "जवळजवळ म्हंजी किती, ताई?"

मी पुस्तिकेची पानं उलटली; तिथे माप दिलेलं नव्हतं. एक म्हातारी शेतकरीण उठली, शेजारच्या जगलेल्या उसाच्या बुडातली माती तिनं मुठीत दाबली. "गोळा होतोय. पर बोट लावलं की फुटतोय. ही येळ."

पुढच्या पत्रकांत मी तिची खूण जशीच्या तशी घातली. ज्यांनी पुस्तिकेप्रमाणे पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, न जाळता सरीत अंथरलं आणि त्या खुणेनं पाणी दिलं, त्यांतल्या पुष्कळांचा पुढच्या लागवडीच्या बेण्यापुरता तरी ऊस वाचला. सगळ्यांचं नाही. ज्यांची विहीर तळाला गेली, त्यांना कुठलाच शब्द पुरला नाही.

सिस्टरला मी मुठीची गोष्ट सांगितली. तिनं आपली मूठ दाबून पाहिली. मग म्हणाली, "हे त्या ब्राझीलच्या लोकांनाबी कळाय पायजे. लिही." पुस्तिकेच्या मागे पत्ता होता. मी आयुष्यातलं पहिलं पोर्तुगीज पत्र लिहिलं, तिनं चार चुका काढल्या, आणि पोस्टात टाकायला ती स्वतः माझ्याबरोबर आली.