आण गो हातचा!

नणंदा माहेरातून काय काय नेतात याच्या कथा घरोघरी ऐकायला मिळतात. पण भावाच्या शर्टाची बटणं उसवून शाळेत नेणारी नणंद उभ्या वसई तालुक्यात एकट्या मलाच लाभली. आमच्या वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, प्राथमिक शाळेत गणित शिकवण्यात जन्म काढला, आणि घरातली प्रत्येक वस्तू मुळात गणिताचीच असून चुकून संसारात आली आहे अशी त्यांची ठाम समजूत. वर्तुळ दाखवायला पोळपाट गेला, त्याच्या मागोमाग कुकरची रिंग गेली. वाडीतली केळ्यांची फणी मोजायला म्हणून गेली, तिची सालंसुद्धा परत आली नाहीत. एकदा ह्यांना लग्नाला जायचं होतं. कपाटातला एकुलता एक बरा शर्ट अंगात घातला, तर तो पुढून सताड उघडा. "माझी बटणं कुठायत?" म्हणून हे ओरडले. वन्संनी चहाचा घोट घेत सांगितलं, "दशकाच्या घरात आहेत. सोमवारी मिळतील." शेवटी ह्यांनी पिना लावल्या आणि पंगतीत श्वास आवरून जेवले.

वन्संच्या वर्गात सगळ्या तऱ्हेची मुलं होती. एकाला दिसत नव्हतं, एकीला ऐकू कमी यायचं, एकजण चाकांच्या खुर्चीत बसायचा आणि बाकीची, वन्संच्या शब्दांत, "नुसतीच द्वाड". सगळ्यांना एकच वर्ग, एकच फळा आणि एकाच पट्टीतलं रागावणं. यात आपण काही विशेष करतो असं त्यांना कधी वाटलं नाही. विशेष वाटायचं ते आम्हाला, कारण वर्गातल्या सवयी त्या घरी घेऊन यायच्या. ऐकू कमी येणारी मुलगी ओठ बघून समजून घ्यायची, म्हणून वन्संना समोर येऊन, तोंड उजेडाकडे करून बोलायची सवय लागलेली. मी ओट्याशी पाठमोरी असले की माझे खांदे धरून मला गर्रकन फिरवायच्या, स्वतः ट्यूबलाइटखाली उभ्या राहायच्या आणि एकेक अक्षर चावून सांगायच्या, "आ-म-टी-त मी-ठ क-मी!" सासूसुद्धा मीठ कमी असल्याचं इतकं स्पष्ट कधी सांगत नसेल. न दिसणाऱ्या मुलासाठी फळ्यावरचं सगळं तोंडाने बोलायचं, तेही घरी सुरू. "आता मी दार लावतेय. आता वरची कडी. बसत नाहीये. बसली!" आणि प्रश्न विचारला की मुलाला वेळ द्यायचा, हा तर त्यांचा धर्मच. नाक्यावर रिक्षावाल्याला "किल्ल्याकडे येणार का?" असं विचारून त्या इतक्या प्रेमाने त्याच्या तोंडाकडे बघत राहायच्या, की तो गडबडून रिक्षा काढून पसार व्हायचा.

याच वर्गात साक्षी होती. कागदावर तिच्या नावापुढे डॉक्टरांनी एक लांबलचक शब्द लिहिलेला होता, वन्सं म्हणायच्या, "तिला वेळ लागतो, एवढंच. तुला नाही का लागत साडी नेसायला?" साक्षीचा बाप खाडीकडचा, गोखिवऱ्याला एका गाळ्यात मशीनवर कामाला. मुलगी तिसरीपर्यंत आली याचंच त्याला नवल, आणि पुढे काय, याचा घोर.

साक्षीला बेरजेतला हातचा काही केल्या उमगेना. नसलेली वस्तू हातात कशी धरायची, हा तिचा प्रश्न, आणि मला विचाराल तर रास्तच. वन्संनी मग चिंचोके आणले. सात आणि पाच बारा. बाराचे दोन खाली लिहायचे, आणि हातचा एक म्हणून एक चिंचोका मुठीत घट्ट धरायचा. मग वन्संनी तिच्यापुढे तळहात पसरून दरडावायचं, "आण गो हातचा!" साक्षीने तो द्यायचा, वन्संनी दशकाच्या घरावर ठेवायचा, की बेरीज बरोबर. महिनाभर हे सुरळीत चाललं आणि घरात वन्संचा तोरा विचारू नका.

मग त्यांना निवडणुकीचं काम लागलं. त्या नसताना दुसऱ्या बाईंनी चाचणी घेतली, आणि साक्षीच्या झाडून सगळ्या बेरजा चुकल्या. मुख्याध्यापकांनी बापाला बोलावून घेतलं. वन्सं परतल्या त्याच दिवशी तो आला. मीही तिथे होते, कारण वन्संची पिशवी उचलणं हे भावजयीचं काम. बाप दाराशीच उभा राहून म्हणाला, "बाई, पोरीला कशाला तरास? गनित काय तिच्यानं होनार नाय. घरीच ठेवतो आता."

वन्संनी पेपर हातात घेतला. सत्तावीस अधिक पंधरा, बत्तीस. प्रत्येक उत्तर नेमकं दहाने कमी. त्यांनी साक्षीला जवळ घेतलं. "हातचा कुठे गेला गो?"

साक्षीने फ्रॉकच्या खिशातून चिंचोके काढून टेबलावर ओतले. "हातातच होता," ती रडवेली होऊन म्हणाली. "त्या बाईंनी मागितलाच नाय."

वन्सं पहिल्यांदा मुलांच्या बाकावर मटकन बसल्या, मग चष्मा घसरेपर्यंत हसल्या आणि बापाला म्हणाल्या, "तुमची लेक पास. नापास मी झाले."

बाप हसला नाही. "ते ठीक हाय बाई," तो म्हणाला, "पर रोज तिच्याकडं मागनार कोन?"

वन्संनी त्याच्याकडे आठ दिवसांची मुदत मागितली.

त्या आठ दिवसांत साक्षीपेक्षा वन्संचेच हाल झाले. न मागण्याचा सराव त्यांना करायचा होता. जेवताना उजवा हात आपोआप पुढे यायचा, की त्या डाव्याने त्याला चापट मारायच्या. मीठसुद्धा मागेनात, आळणी जेवून उठायच्या.

ठरल्या दिवशी बाप वर्गात मागच्या बाकावर बसला, शेजारी पिशवी सांभाळत मी. साक्षी फळ्यापुढच्या टेबलाशी. वन्सं चक्क स्वतःच्या दोन्ही हातांवर बसल्या होत्या. साक्षीने सात आणि पाच बारा केले, दोन लिहिले, चिंचोका मुठीत धरला आणि थांबली. बाईंकडे बघितलं. बाई पंख्याकडे बघू लागल्या. बापाला राहवेना, तो उठू लागला, तर मी, परकी बाई, त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं.

मग साक्षीने आपला डावा हात स्वतःच्याच पुढे पसरला, भुवया चढवल्या, आणि हुबेहूब वन्संच्या आवाजात स्वतःवरच खेकसली, "आण गो हातचा! किती वेळ?" आणि उजव्या मुठीतला चिंचोका डाव्या हाताला देऊन टाकला. डाव्याने तो दशकाच्या घरावर ठेवला.

वर्ग खो खो हसला. बाप दोन्ही हातांनी तोंड झाकून बसला. तो हसत होता की रडत, ते त्याचं त्यालाच ठाऊक. जाताना एवढंच म्हणाला, "र्‍हाऊ दे इथंच."

चौथीनंतर मुलं पलीकडच्या मोठ्या शाळेत जातात. साक्षीही गेली, त्या जूनमध्ये वन्संना रोज त्या शाळेच्या फाटकाशीच भाजी स्वस्त मिळते असा साक्षात्कार झाला. एका दुपारी मीही सोबत होते. शाळा सुटली. साक्षी बाहेर आली, मैत्रिणीच्या गळ्यात हात टाकून, काहीतरी तावातावाने सांगत. आमच्या अगदी जवळून गेली, पण तिने पाहिलं नाही.

"हाक मारू का?" मी विचारलं.

"नको गो," वन्सं म्हणाल्या. "बरं चाललंय तिचं." पण मुलींची जोडी वळणाआड जाईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली, पण आमच्या घरात तसं बोलायची रीत नाही. मी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि त्या निघेपर्यंत उभी राहिले.