हिराबाईच्या घरचं बदामाचं दूध

अळणावरजवळच्या खेड्यातल्या हिराबाईच्या दोन्ही पोरी कुस्तीच्या तालमीत जायच्या. दोघींच्या जोर-बैठका सारख्या, बदामाचं दूधही सारखंच; हिराबाई पेले शेजारी ठेवून थेंबाथेंबानं मापायची. वर्षभरात थोरली वनिता खांद्यांत भरली, धाकटी योगिता मात्र काडीची काडीच राहिली. ही नक्की दूध कुत्र्याला घालते, असं हिराबाईनं डोक्यात घेतलं आणि रोज तिच्यासमोर ठाण मांडून बसू लागली. पेला रिकामा व्हायचा, पोर तशीच.

शेवटी तिनं योगिताला धारवाडला खेळाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तिला ट्रेडमिलवर पळवलं. अर्धा तास झाला तरी पोरीला धाप नाही.

"एकच मेहनत दोन बहिणींच्या अंगी सारखी लागत नाही, अक्का," बाई म्हणाल्या. "बरंचसं आईबापांकडून येतं. हिला लांब पल्ल्याचं पळू द्या. घरात असं दमाचं कोण आहे?"

योगिता हसली. "आईच. डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन चढण चढते आणि वाटभर भांडतही असते."

त्या संध्याकाळी हिराबाईनं फळीवरून तिसरा पेला काढला, पोरींच्या पेल्यांशी लावून तेवढंच दूध ओतलं आणि निवांत बसून स्वतः प्याली.