अंगठ्याखालची ओळ

“आधी वाचा, मंग ऐका.”

टेपरेकॉर्डरच्या बटणावर बोट ठेवून अप्पा हे म्हणत आणि समोरच्याकडे बघत राहत. कॅसेटच्या डबीतला कागद मोठ्याने वाचून होईपर्यंत ते बोट खाली जात नसे. हट्टी माणसं तुम्हीही पुष्कळ पाहिली असतील. पण जळालेली मोटार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला वाचायला लावणारा माणूस आमच्या सेलूत एकच होता.

अप्पांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आणि त्याला चिकटून माझं झेरॉक्सचं. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बनियन आणि अंगठ्यावर व्हार्निशचा काळा थर. तो थर सणावारालाही निघत नसे.

एकदा बोरीचा एक शेतकरी मोटार घेऊन आला. आत गाणं चालू होतं, ते त्याला आवडलं. “अप्पा, पुन्हा लावा की,” म्हणाला आणि फसला. अप्पांनी कॅसेट काढली आणि कागद त्याच्यासमोर धरला.

“अवो, मोटारीचं बघा आधी. पाणी द्यायचं खोळंबलंय.”

“मोटार जळालीच हाय, आता कुठं पळून जायलीय? वाचा.”

“चष्मा घरी ऱ्हायला.”

अप्पांनी स्वतःचा चष्मा काढून त्याच्या नाकावर चढवला. बिचाऱ्याने अडखळत सगळं वाचलं. पुढच्या खेपेला तो मोटार नसताना आला, फक्त ऐकायला.

अप्पांचा जीव होता तो एकाच गायकावर. नाव सांगत नाही. कॅसेटच्या काळात मराठीत पॉप गाणारा हा पोरगा थोडे दिवस गाजला आणि कुठेतरी नाहीसा झाला. कॅसेटमधला कागद तो स्वतः लिहायचा. कोणतं गाणं तापात गायलं, कोणता ढोलकीवाला रुसून निघून गेला, सगळं त्यात असे. पुढे कंपनीने त्याच कॅसेटी पुन्हा काढल्या तेव्हा मजकूर उडवून तिथे जाहिराती छापल्या. त्यामुळे पहिल्या छपाईचे कागद दुर्मीळ झाले, आणि त्याच्या पहिल्यावहिल्या कॅसेटचा कागद तर अप्पांशिवाय कुणाकडेच नव्हता.

हा कागद अप्पा कुणाच्या हातात देत नसत. स्वतः धरत. खालची घडी उलटायची म्हणून तिच्यावर अंगठा दाबून ठेवत. आपण अंगठ्यापर्यंत वाचलं की म्हणत, “बास, एवढंच हाय,” आणि बटण दाबत. आवाज असा की माझ्या दुकानात गिऱ्हाईक काय मागतंय ते कळू नये. मी ओरडायचो, “अप्पा, आवाज कमी करा!” आणि ते हसत हसत आणखी वाढवायचे. दर वेळी. मला वाटे, माणूस मुद्दाम पिडतोय.

त्या गायकाच्या चाहत्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे हे मला कळलं, तेव्हा मी त्यात शिरलो आणि अप्पांच्या कागदांचे फोटो टाकू लागलो. माझ्या यंत्राच्या काचेवर अप्पा कागद ठेवू देत नसत. “त्या उजेडानं शाई उडती,” म्हणत. म्हणून ते कागद धरत आणि मी मोबाइलने फोटो काढत असे. लोक नाचले अक्षरशः. ज्या ओळी कुणी पाहिल्या नव्हत्या त्या सेलूच्या एका वाइंडिंगच्या दुकानातून येत होत्या! पण दोनच दिवसांत सूचना आली: ‘फोटोत घाणेरडा अंगठा येतो. कृपया अंगठा टाळावा.’

घाणेरडा! माझं डोकंच फिरलं. अप्पांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, “सोडला अंगठा की कागद मिटायलाय. त्यांला म्हणावं, तुमी येऊन धरा.”

तो आला. ग्रुप चालवणारा, पुण्याचा. अप्पांच्या घरी भाकरी-पिठलं खाल्लं, काकूंच्या पाया पडला आणि निघताना तो पहिला कागद मागितला. चांगला स्कॅन करतो, आठवड्यात परत पाठवतो म्हणाला. अप्पा कधी नव्हे ते भुलले. त्याच गायकावर जीव असलेला माणूस आपल्याला फसवील, हे त्यांच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. कागद दिला, कॅसेट ठेवून घेतली.

कागद आला नाही. ग्रुपवर मात्र त्याचा चकचकीत फोटो आला. तळाला जाड काळी पट्टी आणि तिच्यावर त्या गृहस्थाचं नाव. जिथे अप्पांचा अंगठा असायचा बरोबर तिथेच. अंगठा खुपला होता त्या सगळ्यांना पट्टी चालली. फोटोखाली टाळ्या वाजवणारे इमोजीचे हातच हात.

मी फोन केला. “अहो, तिकडे धुळीत खराबच झाला असता,” तो म्हणाला. “इथे सुरक्षित आहे.” मी ग्रुपवर त्याला चोर म्हणालो. मलाच काढून टाकलं.

अप्पा ओरडले नाहीत, याचाही मला राग आला. त्यांनी फक्त ती कॅसेट वाजवणं बंद केलं.

“अप्पा, तुम्हाला तो कागद पाठ आहे की!”

“पाठ आसणं म्हंजे वाचणं न्हाई, भाऊ. कागद येऊ द्या.”

दुकानात पोस्टमन दिसला की त्यांचा हात थांबायचा. बाकीच्या कॅसेटी वाजत, पण हळू. मला कधी ओरडावं लागलं नाही. कागदाची वाट बघतच अप्पा यंदा पोळ्याच्या आधी गेले. लिंगायत रीतीने समाधी दिली तेव्हाही अंगठा तसाच काळा होता.

ग्रुपमधल्या एकाने मला तिथला मजकूर पाठवला: ‘आमच्या संग्रहाचे एक ग्रामीण हितचिंतक निवर्तले.’ सोबत पट्टीवाला फोटो. आमच्या म्हणे! मी त्या माणसाला पुन्हा फोन लावला, त्याने उचलला नाही. बरं झालं. मी काय बोललो असतो ते इथे लिहिता आलं नसतं.

परवा काकू दुकान उघडून बसल्या होत्या. मला हाक मारली. हातात ती कॅसेट.

“भाऊ, एकडाव वाजवा. त्यांचा जीव आडकलाय हिच्यात.”

“पण काकू, आधी वाचायचं...”

“मंग वाचा की.”

मी मोबाइलमधला त्या कागदाचा माझा जुना फोटो उघडला, अंगठ्याचा. मोठ्याने वाचत अंगठ्यापर्यंत आलो आणि सवयीने म्हणालो, “बास, एवढंच हाय.”

“एवढंच कुठं?” काकू म्हणाल्या. “खाली आणिक एक ओळ हाय. तुमच्यापसून मुद्दाम झाकायचे. मला घरी वाचून दाखवायचे अन् लय हसायचे.”

“काय आहे?”

काकूंनी डोळे पुसले आणि शाळेतल्या मुलीसारखं सरळ बसून सांगितलं, “शेजारी वरडला, तर आवाज आजून वाढवा.”

मी बटण दाबलं. मग आवाज वाढवला, शेवटपर्यंत. माझ्या दुकानात गिऱ्हाईक उभं राहून काहीतरी ओरडत होतं, मला ऐकू आलं नाही.