कडब्याच्या गाडीवरून पाहिलेली मॅच

गोजाबाईला हळू बोलता येत नसे. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं राखण्यात तिचं लहानपण गेलं, आणि ओढ्यापलीकडं गेलेल्या मेंढराला वळवायचं तर घसा मोकळाच लागतो. लग्न होऊन ती सोलापूरला आली, गिरणीच्या वायंडिंग खात्यात सूत गुंडाळू लागली. तिथं यंत्रांच्या खडखडाटातही तिची हाक शेवटच्या बाईपर्यंत पोचायची. शुक्रवार पेठेतल्या गल्लीत मात्र तिच्या आवाजाची थट्टा व्हायची. तीही पदर तोंडाला लावून हसायची.

तिचा धाकटा दीर ज्ञानबा त्याच गिरणीत साच्यावर कापड विणायचा. १९३३ साली गिरणीनं व्हॉलीबॉलचा संघ काढला आणि उंची बघून ज्ञानबाला कप्तान केलं. संध्याकाळी भोंगा झाला की गोदामामागं जाळी बांधून, दोन तुकड्या करून गडी खेळत. बघायला चिटपाखरू नसे. खेळणाऱ्यांचाही त्यात फारसा जीव नव्हता. चेंडू पडला की जो तो दुसऱ्याकडं बघे.

एकदा घरी पाहुणे आले म्हणून गोजाबाई ज्ञानबाला बोलवायला तिथं गेली. नेमका त्याच वेळी एक चेंडू खाली येत होता आणि चन्नवीर नावाचा धिप्पाड गडी कमरेवर हात ठेवून त्याच्याकडं बघत होता. गोजाबाईच्या तोंडून नकळत आरोळी निघाली, "उचल की रं!"

चन्नवीर दचकला आणि झेपावला. चेंडू वर गेला, आणि ज्ञानबानं तो पलीकडं असा हाणला की माती उडाली. सगळे वळून बघायला लागले. गोजाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाव्हणं आल्यात, चला," ती पुटपुटली.

"पाव्हण्यास्नी बसू द्या घटकाभर," ज्ञानबा म्हणाला. "वैनी, तुमी हितंच थांबा."

दुसऱ्या दिवशी ती खात्यातल्या चार बायका घेऊन गेली. महिनाभरात तिथं साचेवाले, त्यांच्या बायका, घरात तेलुगू बोलणारे विणकर अशी चाळीस-पन्नास माणसं जमू लागली. नाव घेऊन कुणी हाक मारली की चन्नवीर मातीत लोळण घेऊन चेंडू काढायचा. त्याचे दोन्ही गुडघे कायम सोललेले असत आणि तो ते कौतुकानं दाखवायचा.

संक्रांतीतली गड्ड्याची जत्रा संपली आणि कचेरीतल्या बाबू लोकांच्या एका क्लबाशी मॅच ठरली. मैदान क्लबाचं, भोवती भिंत. गोजाबाई आपली सगळी माणसं घेऊन गेली, तर दारवान म्हणाला, "पास हाय का? पासाबिगर आत न्हाय."

ज्ञानबानं विनवलं, पण दारवान हलेना. संघ एकटाच आत गेला.

बाहेरच्यांना नुसती पंचाची शिट्टी ऐकू येई, आणि मागोमाग बोटांच्या टोकांनी वाजवलेल्या टाळ्या. शिट्टीमागून शिट्टी झाली. पहिला डाव पंधरा-चारनं गेल्याचं दारवानानंच सांगितलं. गोजाबाईला उभं राहवेना. रस्त्याकडेला रावजी गाडीवानाची कडब्यानं भरलेली गाडी उभी होती.

"रावजीदादा, जरा वर चढू का?"

"चढा की, पन कडबा इस्कटू नगा."

तिनं कासोटा घट्ट केला आणि वर चढली. आतल्या खुर्च्यांवर बाबू मंडळी चहा घेत गप्प बसली होती. चन्नवीरचे हात पुन्हा कमरेवर होते. गोजाबाईनं छातीभर श्वास घेतला.

"चन्नवीऽऽर! हात सोड की! आमी हितं हाय!"

सगळं मैदान वर बघायला लागलं. चन्नवीर खदखदून हसला आणि पुढच्याच चेंडूवर त्यानं अंग झोकून दिलं. बाहेरची माणसं भिंतीवर चढली, लिंबाच्या झाडावर चढली. पंच शिट्टी फुंकत भिंतीपाशी आला.

"बाई, खेळाच्या वेळी शांतता पाहिजे."

"व्हय सायेब, पन मग त्यो खेळ कसला?"

क्लबाचा कप्तान सिद्धलिंगप्पा मोठ्यानं हसला. "ओरडू द्या त्यांना. आमचेही लोक जागे होतील."

आणि खरंच झाले. खुर्च्यांवरून एक उठला, मग दुसरा, मग सगळेच बाबू उभे राहून ओरडायला लागले. चहा निवून गेला. दुसरा डाव गिरणीनं जिंकला. तिसरा चौदा-चौदावर अडला, कितीतरी वेळ चेंडू खाली पडेना, आणि शेवटी सोळा-चौदानं क्लबानं घेतला. ज्ञानबाचा शेवटचा फटका जाळीत अडकला होता.

हरलो याचं वाईट वाटायला कुणाला सवडच मिळाली नाही. सिद्धलिंगप्पानं स्वतः दार उघडलं.

"चहाला आत या, बाई. पाच वर्षं इथं खेळतोय, आमची माणसं खुर्चीवरून उठलेली आज पहिल्यांदा पाहिली."

पुढच्या रविवारी क्लब गिरणीच्या मैदानावर आला. दोनशेवर माणसं जमली, काही बाबूंनी घरच्या बायकांनाही आणलं होतं. आधीच्या मॅचला ओरडून बसलेला गोजाबाईचा घसा अजून सुटला नव्हता, तोंडातून नुसता वारा निघायचा. मग वायंडिंगच्या बायकांनीच गलका केला. इतका, की पंचाला शिट्टी तीन-तीनदा फुंकावी लागली. गोजाबाई पहिल्या ओळीत मांडी घालून बसली होती. सरळ दोन डावांत गिरणी जिंकली, आणि ती ओठ घट्ट मिटून शेजारणीची पाठ दणादण बडवत राहिली.